बन्सीची सुपारी

सगळं पडेगाव कडूबाला 'क्लारनेटवाला' म्हणायचं. त्याची माय चतुराबाई मात्र त्या वाद्याला 'पुंगी' म्हणायची, आणि तेही चांगल्या मनाने नव्हे. "बंद कर ती पुंगी, डोस्कं उठलं," हा तिचा रोजचा सकाळचा पाठ होता.

मूळचे हे पिशोरचे. थोरल्याने शेती धरली आणि धाकट्या कडूबाने क्लारनेट. पोलिस अ‍ॅक्शननंतर निजामाची पलटण मोडली, तेव्हा तिच्या बँडातले एक उस्ताद छावणीजवळ बेकार बसून होते. कडूबाने त्यांची चिलीम भरली, शिव्या खाल्ल्या आणि विद्या घेतली. उस्ताद गेल्यावर त्यांचं वाद्यही त्याच्याचकडे आलं.

बँडपार्टीत तो कुठेच टिकला नाही. मालक म्हणेल ते गाणं, मालक म्हणेल तेवढंच, हे त्याला सोसायचं नाही. म्हणून गडी एकटा निघाला, सोबतीला फक्त सांडू ढोलकीवाला. पण स्वतःचं राज्य करायचं म्हणजे पोटाला चिमटा आलाच. लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नाही आणि आषाढ लागला की कुत्रं विचारत नाही. कोणी बिदागी म्हणून ज्वारी द्यायचं, तर कोणी नुसतंच "वा!" द्यायचं. वाजवणाऱ्याचं पान मांडणार शेवटच्या पंगतीत, वरण पार पाणी झाल्यावर. त्यात आता लग्नांना कर्णे यायला लागले होते. तार जोडली, तबकडी लावली की झालं. कर्ण्याला जेवायला घालावं लागत नाही, तो रुसतही नाही. कडूबाला त्या कर्ण्याचा मनस्वी राग होता, आणि तो रास्तच होता.

अशात चतुराबाईचा भाऊ काकासाहेब धावून आला. तो शहरात एका सरकारी कचेरीत कारकून होता. साहेबांच्या हातापाया पडून त्याने भाच्यासाठी शिपायाची जागा धरून ठेवली. सोमवारी हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याची. कडूबाच्या बायकोने, आशाबाईने, देवापुढे साखर ठेवली. पोरं लहान होती, तिचं काय चुकलं? कडूबाही "व्हय" म्हणाला. त्याने क्लारनेट धडप्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

अडचण एकच होती. त्याच सोमवारी देवगाव रंगारीला बन्सीच्या मुलीचं लग्न होतं आणि बन्सीची सुपारी कडूबाच्या कोनाड्यात होती. या धंद्यात सुपारी म्हणजे शब्द. यजमान हळद लावून ती हातावर ठेवतो, आपण घेतली की जायचंच. जमणार नसेल तर तीच सुपारी त्याच्या हातावर परत ठेवायची, म्हणजे दोघेही मोकळे.

रविवारी सकाळी परत करायला म्हणून कडूबाने कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा. काकासाहेब ओट्यावर चहा पीत होता, तोही उठून आत आला.

"माय, हितली सुपारी कुठं गेली?"

"कंची? ती व्हय? खाल्ली म्या."

"खाल्ली?"

"मला काय ठावं ती बन्सीची हाय म्हून!"

काकासाहेबाने कपाळावर हात मारला. "आक्का, काय केलंस गं! जाऊ दे. दुकानातून दुसरी घे कडू, हळद लाव अन् दे नेऊन. सुपारीवर काय बन्सीचं नाव लिहिलंय?"

"दे, दे," चतुराबाई कडाडली. "बन्सीला फशीव. सरकारच्या चाकरीचा नारळ लबाडीनंच फोड."

कडूबा मायच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने डबा पायाखाली घेतला आणि माळ्यावरचं धडपं खाली ओढलं.

देवगावला त्याने असं वाजवलं की पाठवणीच्या वेळी वरपक्षाची माणसंही डोळे पुसायला लागली. बन्सीने त्याला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. घट्ट वरण, वर तूप. परतीच्या एसटीत कडूबाला एवढं हलकं वाटत होतं की नोकरी गेल्याचं दुःख करायचं तो चक्क विसरला.

काकासाहेब मात्र विसरला नाही. वर्षभर त्याने बहिणीच्या दाराची पायरी चढली नाही. आशाबाईही आठ दिवस धुसफुसली, पण पहिल्या पंगतीची गोष्ट तिने शेजारणींना सांगून सांगून झिजवली. पुढच्या सराईत बन्सीच्या व्याह्यांकडून आणखी बोलावणी आली. आषाढ आषाढासारखाच गेला, पण गेला.

मग काकासाहेबाच्या स्वतःच्या मुलीचं लग्न ठरलं. पोरगी अडून बसली, कर्णा नको, कडूदादाच पाहिजे. मामा निमूट पडेगावला आला, भाच्याच्या हातावर सुपारी ठेवली आणि बजावलं, "आक्काच्या हाती लागू देऊ नको. खाऊन टाकील."

चतुराबाई एरवी भावासमोर तोंडाला पदर लावून हसायची. आज तिला पदराची शुद्ध राहिली नाही. काकासाहेब त्या उघड्या तोंडाकडे बघतच राहिला. आत नुसत्या हिरड्या होत्या.

"आक्का, तुझे दात कधी गेले गं?"

"कडूच्या लग्नाच्या आदुगर."

"मग ती सुपारी खाल्ली कशानं?"

"कोण म्हणतं खाल्ली?" तिने हनुवटीनं देव्हाऱ्याकडे दाखवलं. तिथं तांदळाच्या मुठीवर हळदीची एक सुपारी गणपती म्हणून बसली होती. वर्षभर रोज सकाळी कडूबा त्या गणपतीच्या पाया पडून वाद्य उचलत होता.

"ही बन्सीची?" कडूबाने विचारलं. दात नसलेल्या मायनं सुपारी खाल्लेली नाही, एवढं त्याला त्याच दिवशी कळलं होतं. हे मात्र आज कळत होतं.

"मंग? तू ती पुंगी माळ्यावर टाकलीस अन् घरात कोणी मेल्यावानी झालं. मला घास गिळंना." तिने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच खेकसली, "आता बघत काय बसलास? वाजीव."