चुन्याखालची रेघ

ती घटना आठवली की आजही आधी मला ओल्या चुन्याचा वास येतो, बाकीचं सगळं मागून येतं. सेवेत खून पाहिले, दरोडे पाहिले, आता त्यांचे गुन्हा क्रमांकही आठवत नाहीत. पण आर्णी तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावातली ती पांढरीशुभ्र गल्ली दुपारी डोळा लागला की अजून समोर येते. तिथे कुणी मेलं नव्हतं, काही चोरीलाही गेलं नव्हतं. भिंतीवरची एक लाल रेघ तेवढी जागेवरून हलली होती.

मी तिथला ठाणेदार होतो. काही वर्षांपूर्वी त्या गावात नदी शिरली होती. पाणी ओसरल्यावर तहसीलच्या आदेशाने गावच्या कोतवालाने नदीकडच्या गल्लीत घरोघरी पाणी जिथवर चढलं होतं तिथे ऑइलपेंटने लाल रेघ मारली. हेतू सरळ होता. माणूस विसरतो, भिंतीने विसरू नये. दरवर्षी पावसाळ्याआधी ती रेघ पाहून कोणाला कधी आणि कुठे हलवायचं याची यादी व्हायची. त्या वर्षी मात्र बैठकीत गावाकडून निरोप आला की यादीची गरज नाही, आमच्याकडे पाणी गुडघाभरच येतं. तहसीलच्या माणसाने जाऊन रेघ पाहिली होती. ती खरोखरच गुडघ्याएवढी होती. मीही मान हलवली आणि चहा प्यायलो. ती माझी पहिली चूक.

ज्येष्ठातली दुपार होती. ठाणे अंमलदार हसत हसत माझ्या खोलीत आला. म्हणाला, "साहेब, नदीकाठच्या त्या गावातून एका बाईचा फोन होता. म्हणते आमच्या गल्लीतली रेघ खाली उतरली, खरी रेघ चुन्याखाली हाये. मंग फोन कट. ऊन लागलं असन बिचारीले."

माझा स्वभाव तिरसट. नोंद केली का विचारलं, तर नाही. मी त्याला सांगितलं की खुळ्याचाही फोन स्टेशन डायरीत जातो, शहाणा कोण ते आपण मागून ठरवू. नंबर आलेला होता, पण उलटा फोन मी करू दिला नाही. खेड्यात घरचा मोबाइल कोणाच्या हातात वाजेल याचा नेम नसतो. फोन करणारीचं घर त्यात उठतं.

दुसऱ्या दिवशी बीट जमादाराला घेऊन निघालो. जमादार जवळच्याच तांड्यातला, पंचक्रोशीतली सोयरीक त्याला तोंडपाठ. नदी आटून नुसती वाळू उरली होती, तिच्यावर ऊन नाचत होतं, आणि पलीकडचं गाव हवेत तरंगल्यासारखं दिसत होतं. त्या नदीकडे पाहून ही कधी घरात शिरेल यावर माझाही विश्वास बसेना. आमच्याकडे संकटाचं हेच अवघड आहे. ते यायचं असतं तेव्हा त्याची जागा अगदी निरुपद्रवी दिसते.

गल्लीत शिरलो आणि डोळे दिपले. डाव्या-उजव्या बाजूची सगळी घरं ताज्या चुन्याने पांढरी. एका दारावर सुकलेलं तोरण होतं, भिंतीवर लाल अक्षरांत नवरा-नवरीची नावं होती. लग्नघराला चुना लावतात, हे बरोबर. पण लग्न एका घरात आणि चुना अकरा घरांना? दिवाळी तर पाच महिने लांब. मी जमादाराकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "साहेब, गल्लीत तीन वर्सानं पहिलं लगन झालं हे."

चौकशी सुरू केली. आधी साधं विचारलं, पुरात पाणी कुठवर आलं होतं? पहिला म्हणाला गुडघाभर. दुसरा म्हणाला गुडघाभर. म्हातारी म्हणाली गुडघाभर, आणि पुरानंतर जन्मलेलं पोरगंही म्हणालं गुडघाभर. तिथेच माझी खात्री पटली. खरे साक्षीदार कधी एका सुरात बोलत नाहीत. एकाला पाणी कमरेला लागतं, दुसऱ्याला मांडीला, तिसरा म्हणतो मी झाडावर होतो, मला काय माहीत. एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी आला की समजावं, तो कोणीतरी वाटलेला आहे.

कोतवालाला लग्नघराच्या ओट्यावर बसवलं. पन्नाशीचा, मजबूत अंगाचा, तोंडाने गोड. रेघ पुसट झाली होती म्हणून परत मारली, एवढंच त्याचं म्हणणं. मापली कशाने? डोळ्याने. भिंतीवरची नावं कोणी लिहिली? मीच, साहेब, अक्षर बरं आहे माझं. नावांचा आणि रेघेचा रंगाचा डबा एकच होता का? यावर तो उपरण्याने मान पुसायला लागला. मी दरडावलं नाही. उन्हात बसलेल्या माणसाला दरडावण्यापेक्षा गप्प बसून राहावं, त्याचा त्याला जास्त त्रास होतो.

तेवढ्यात घरातली नवी सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. राळेगावकडची पोरगी, लग्नाला दोन महिने झालेले, डोक्यावर पदर, नजर खाली. आत खाटेवर तिची आजेसासू पडून होती. कमरेखाली हलता येत नव्हतं तिला, सगळं या सुनेलाच करावं लागे. मी दोन घोट प्यायलो आणि तांब्या परत दिला. उरलेलं पाणी तिने अंगणात टाकायचं, पण तिने ते भिंतीवर टाकलं. सहज हात वळावा तसं.

चुना भिजला की त्याच्या आतलं दिसतं, हे मला तेव्हा कळलं. भिंत ओली झाली, करडी झाली, आणि त्या करड्या डागात छातीच्या उंचीवर एक लाल रेघ हळूहळू वर आली. ऊन कडक होतं. आमच्या डोळ्यांदेखत डाग वाळला आणि रेघ पुन्हा पांढऱ्यात बुडाली. मी जागा आहे की नाही असं क्षणभर मला वाटलं.

मी जमादाराला बादली आणायला सांगितलं. पंच बोलावले. एकेका घराच्या भिंतीवर पाणी मारत आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. अकरा घरं, अकरा रेघा, सगळ्या छातीएवढ्या. असा पंचनामा मी आयुष्यात दुसरा केला नाही. वाळायच्या आत मोजायचं आणि लिहायचं.

मग कोतवालाने सगळं सांगितलं. या गल्लीत पोरगी कोणी देईना. पाहुणे येत, पोहे खात, पोरगा पसंत करत, आणि जाता जाता भिंतीकडे बघून विचारत, पाणी कुठवर येतं? की सोयरीक मोडली. शेवटी बायांनीच त्याला गळ घातली. आधी चुना, मग गुडघ्याएवढी नवी रेघ. त्यावर हे लग्न जमलं. पण लबाडी एका घरापुरती थांबत नाही. पुढे गल्लीला स्वतःलाच ती खरी वाटायला लागली. कोणी तुरीची पोती गुडघ्याएवढ्या माचीवर रचली, कोणी शाळेकडे जायच्या बोळात कुडाचं कुंपण घातलं, आणि यादी तर बंदच झाली. ही म्हातारी ज्या खाटेवर पडली होती ती खाट खऱ्या रेघेच्या दोन हात खाली होती. पाणी आलं असतं तर तिला कोणी उचलायचं हे ठरलेलंच नव्हतं.

"मी कोणाचं वाईट नाई केलं साहेब," कोतवाल म्हणाला. "पोट्ट्यायचे संसार उभे व्हावे म्हनून केलं."

मला राग आला होता, खरं सांगतो. आणि त्याची कीवही आली होती, तेही खरं. मी सुनेकडे वळलो. फोनचं नाव काढलं नाही, ते आजवर तिच्या घरात कोणाला ठाऊक नाही. एवढंच सांगितलं की बाई, तुझ्या बापाला फसवून हे लग्न जमवलंय, तक्रार द्यायची तर मी घेतो, माहेरी जायचं तर गाडी उभी आहे. सासू दाराची चौकट धरून उभी होती. नवरा जमिनीकडे बघत होता.

तिने पहिल्यांदा मान वर केली. "मले माहेरी नाई जाचं साहेब. रेघ होती तिथं करा. यादी लिवा, त्यात आजीचं नाव पयले. अन् आजीले उचलून न्याले ह्यायचंच नाव टाका." बोट कोतवालाकडे होतं.

मी तसंच लिहिलं. कायद्याने सरकारी खूण नष्ट केल्याचा गुन्हा होत होता. पण मी फक्त अहवाल तहसीलला पाठवला, तिथून कोतवालाला नोटीस निघाली, आणि त्याने भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर, त्याच डब्यातल्या रंगाने अकरा रेघा पुन्हा वर मारल्या. कुंपण काढलं. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याला टांगायला लावली. शाळा टेकाडावर, तिथवर जायची रंगीत तालीम दोनदा घेतली. पहिल्या तालमीत बायका हसून हसून दमल्या, कारण म्हातारीला पाठीवर घेऊन कोतवाल चालत होता आणि ती वरून त्याला शिव्या घालत होती. दुसऱ्या तालमीत कोणी हसलं नाही. सगळे वीस मिनिटांत शाळेत होते.

श्रावणात पाणी आलं. सकाळी अकराच्या सुमाराला वरच्या डोंगरात पाऊस झाला, गावात तर ऊन पडलं होतं. उन्हात चमकत, काही न बोलता नदी गल्लीत शिरली. मी पोचलो तेव्हा गल्ली रिकामी होती. शाळेच्या व्हरांड्यात बसून म्हातारी चहा पीत होती, शेजारी कोतवाल चिखलात माखलेला. सर्वांत आधी म्हातारीच्या दारावर तोच पोचला होता, हाक मारायच्याही आधी. सून हजेरी घेत होती. एकही नाव कमी नव्हतं.

पाणी ओसरल्यावर आम्ही भिंती पाहिल्या. चिखलाचा पट्टा खऱ्या रेघेच्याही चार बोटं वर होता. म्हणजे आम्ही जिला खरी म्हणत होतो तीही अपुरीच. रेघ मागचं पाणी सांगते, पुढचं नाही. तयारी करायची ती रेघेच्या वर हातभर जास्त धरून, आणि कोण कोणाला उचलणार हे नावानिशी ठरवून. पोलिसाच्या चौकशीलाही हेच लागू आहे. हाती लागलं तेवढंच खरं मानून मी पुष्कळदा थांबलो, तिथेच चुकलो.

निवृत्तीनंतर मागच्या उन्हाळ्यात त्या गल्लीत गेलो होतो. म्हातारी आता नाही. भिंतीवर दोन रेघा आहेत, वरची सुनेने स्वतः मारलेली, जरा वाकडी. तिच्या धाकट्या दिराची सोयरीक ठरली होती, घरात लगबग होती. मी थट्टेने विचारलं, काय गं, या वेळी चुना कधी मारला?

"नाई मारला साहेब," ती म्हणाली. "पाहुण्यायले आधी रेघ दाखवतो, मंग शाळेचा रस्ता. दोन्ही पसंत पडलं, तं मंग पोट्टा दाखवतो."