शैलाताईंची बसफुगडी

सुपरमार्केटच्या रांगेत शैलाताई एका पायावर उभ्या असत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचा पाय दुखत असावा. मग रांग पुढे सरकली, त्यांनी पाय बदलला आणि हातातल्या सामानासकट दुसऱ्या पायावर तितक्याच निवांत उभ्या राहिल्या. पुढचा उंचापुरा डच गृहस्थ वळून वळून बघत होता. मी फोनवर मराठीत बोलतेय हे त्यांनी ऐकलं होतं. फोन ठेवताच त्यांनी सरळ विचारलं, "कुठल्या ओ तुम्ही?"

"पुण्याची," मी म्हटलं.

"आम्ही सांगलीचे. आणि पाय बरा आहे माझा. रांगेत नुसतं उभं राहून काय करायचं? तेवढाच व्यायाम."

आम्ही तेव्हा आइंडहोवन शहरातून शेजारच्या बेस्ट नावाच्या गावात नुकतेच राहायला आलो होतो. शैलाताई निघाल्या आमच्या मागच्याच गल्लीतल्या. वय साठीच्या आसपास, अंगकाठी ठेंगणी, आवाज मात्र मैदानावरचा. त्यांचे यजमान मोहनराव इथल्या, संगणकाच्या चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्यांच्यामागून डिपेंडंट व्हिसावर आलेल्या ताईंनी वर्षभरात डच शिकून पाळणाघरात नोकरी धरली होती. दिवसभर गुटगुटीत डच पोरं उचलायची, खाली ठेवायची, परत उचलायची. शाळा-कॉलेजात त्या खो-खो खेळल्या होत्या आणि उकिडवं बसण्याची सवय तेव्हापासून जी लागली ती सुटली नव्हती. घरापुढचं तण काढता काढता तशाच बसून त्या रस्त्यावरच्या शेजारणीशी गप्पा मारत. शेजारीण उभी राहून दमायची आणि घरी जायची, ताई बसलेल्याच.

मी पळणारी. बेचाळिसाव्या वर्षी सहज म्हणून सुरू केलं आणि त्यात पुरती अडकले. ऑफिसात मीटिंगा, घरी मुलीच्या परीक्षा. पळण्याचा तास हा दिवसातला एकमेव तास, ज्यात मला कुणी हाक मारत नसे. पंचेचाळिशीनंतर झोप उडाली, उगाच चिडचिड व्हायला लागली, तेव्हा तर कालव्याकाठी पळून आले की मगच मी माणसांत यायचे. नवरा म्हणायचा, "हिला आधी पळून येऊ दे, मग काय ते विचारा." त्यात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं.

शैलाताईंना मात्र माझं हे पळणं मुळीच मान्य नव्हतं. "पळणं म्हणजे काय, नुसतं पुढं जाणं. मग वाकायचं, वळायचं, बसायचं, उठायचं कुणी? शेजारणीनं?" गुडघे टायरसारखे झिजतात, असा त्यांचा ठाम सिद्धांत होता. तसं काही नसतं, हे मी त्यांना चार वेळा वाचून दाखवलं. चारही वेळा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "असू दे. जपून पळ."

त्याच सुमाराला माझी उजवी बाजू, कमरेच्या जरा खाली, लांब पळून आले की दुखायला लागली होती. यावर मी आमच्या पळणाऱ्यांच्या जमातीतल्या कुणीही केलं असतं तेच केलं. महागडे बूट घेतले, घड्याळातले आलेख तपासले आणि दुखणं अंगवळणी पडावं म्हणून अंतर वाढवलं. जिमचं नाव काढलं की मला कंटाळा यायचा. वजनं उचलणारी माणसं आणि मी, आमचं जमणार नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं.

दर श्रावणात आमच्याकडच्या मराठी बायका बुर्टहाउसमध्ये, म्हणजे वस्तीच्या सार्वजनिक हॉलमध्ये, मंगळागौरीचे खेळ करतात. सराव महिनाभर आधी सुरू होतो आणि तेव्हा तो घ्यायच्या शैलाताई. त्या वर्षी एक बाई कमी पडत होती म्हणून त्यांनी मला ओढलं. मी गेले, पण खरं सांगायचं तर जरा वरून बघतच गेले. एकवीस किलोमीटर पळणाऱ्या बाईला झिम्मा-फुगडीचं काय कौतुक! उभ्या फुगडीपर्यंत माझा तोरा टिकला. मग आली बसफुगडी. समोरासमोर उकिडवं बसायचं, हात धरायचे आणि बसल्या बसल्या एकेक पाय पुढे टाकत उड्या मारायच्या. माझ्या समोर शैलाताई. त्यांनी तालात पाय टाकला, माझे हात ओढले आणि मी उजव्या अंगावर धाडकन पडले. कमरेत कट् असा आवाज झाला. सगळ्या हसल्या, मीही हसले, पण उठायला गेले तर पाय टेकवेना.

हाउसआर्ट्सने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, फिजिओकडे पाठवलं. फिजिओने पाय हळूहळू फिरवून पाहिला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. हाडाला बारीक चीर असू शकते, म्हणाला. हे वय, त्यात इतकं पळणं. स्कॅन होईपर्यंत एक पाऊलही पळायचं नाही आणि चीर निघालीच तर यापुढे पळायचं की नाही, याचाच विचार करावा लागेल.

स्कॅनची तारीख लगेच मिळेना. ते आठवडे मी कसे काढले ते घरच्यांना विचारा. खिडकीतून कुणी पळताना दिसलं की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि त्याचीच मला लाज वाटायची. हातपाय धड आहेत, घर आहे, नोकरी आहे, मग एवढं काय गेलं, असं स्वतःलाच बजावायचे. पण गेलं होतं खरं. माझा तो एक तास गेला होता आणि तो परत मिळेल की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं.

निकालाच्या दिवशी नवरा कामासाठी तैवानला होता. शैलाताई रजा काढून माझ्याबरोबर हॉस्पिटलात आल्या. एरवी अखंड बोलणारी बाई पर्स मांडीवर धरून गप्प बसली होती.

"ताई, इतक्या गप्प का?" मी विचारलं.

"मी ओढलं नसतं तर पडली नसतीस."

"अहो, आधीपासून दुखत होतं माझं."

"दुखत होतं. मोडलेलं नव्हतं."

तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. चीर नव्हती. हाड ठणठणीत होतं. कमरेच्या बाजूचा स्नायुबंध सुजला होता, कारण त्याच्या आजूबाजूचे स्नायू माझ्या पळण्याच्या मानाने फार कमजोर होते. हे एका पडण्याने झालेलं नाही, महिनोन्महिने होत आलं आहे, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पळा, पण आधी ताकद कमवा. मी खुर्चीतच रडायला लागले. इतकं सुटल्यासारखं मला बाळंतपणानंतर कधी वाटलं नव्हतं. शैलाताईंनी मात्र हीच सगळी माहिती डच भाषेत पुन्हा एकदा विचारून घेतली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर लोक धीर द्यायला असं म्हणतात." आणि दोन पावलांवर, "उद्यापासून माझ्याकडं यायचं."

फिजिओने व्यायाम दिले होते. उठाबशा, एका पायावर उभं राहणं, कुशीवर आडवं होऊन अंग उचलून धरणं, पायरी चढणं-उतरणं. ताई एकदा माझ्याबरोबर त्याला भेटायला गेल्या, त्याच्याकडून एकेक व्यायाम नीट समजून घेतला आणि बदल्यात त्याला बसफुगडी दाखवली. त्या तरुण पोराला ती पहिल्याच फटक्यात जमली, याचा त्यांना जरा रागच आला. "गुडघे जास्त पुढं जातात त्याचे," घरी येताना म्हणाल्या. त्यांचे स्वतःचेही जात होते.

मग अख्खा हिवाळा आम्ही दर गुरुवारी बुर्टहाउसमध्ये. दोघींनी सुरू केलं, हळूहळू मंगळागौरीतल्या आणखी काही जणी यायला लागल्या. चाळिशी-पन्नाशीच्या बायका, कुणाची पाठ, कुणाचा खांदा. ताई पायाला रबरी पट्टे बांधून आम्हाला हॉलभर आडवं चालवत. कुणी थांबली की, "दमलीस? दम लागलाय की कंटाळा आलाय? कंटाळ्याला सुट्टी नाही." तांदळाची पोती उचलायला लावत. वाकायचं कसं, ते पाळणाघरातल्या पोरांना उचलून उचलून त्यांना पाठ झालं होतं. माझा जिमचा कंटाळा कुठे गेला कळलं नाही. बहुतेक तो वजनांचा नसून एकटीने वजनं उचलण्याचा होता.

बसफुगडीला मात्र मी घाबरत होते. जानेवारीत एकदा त्यांनी हात पुढे केले. मी बसले, पण पाय उचलेना. "तू स्वतःलाच धरून बसतीस," त्या म्हणाल्या. "मागं झुक. वजन टाक माझ्यावर. मी कशाला आहे समोर?" मी हळूच मागे झुकले. त्या झुकल्या. हातांना ताण बसला आणि कमरेखालचा भार एकदम हलका झाला. दोनच उड्या मारल्या असतील, पण खाली बसून मी लहान मुलीसारखी हसत सुटले. ताई हसल्या नाहीत. त्या माझ्या उजव्या पायाकडे बघत होत्या.

वसंतात फिजिओने पळायची परवानगी दिली. थोडं पळायचं, थोडं चालायचं. कालव्याकाठी मी पळायची आणि ताई शेजारून सायकलवर. "उजवीकडं कलतीस," असं म्हणून घंटी वाजवत. काही दिवसांनी घंटी कमी वाजायला लागली. मग त्या नुसत्याच शेजारून यायला लागल्या, पाळणाघरातल्या गमती सांगत.

मोहनराव तोवर निवृत्त झाले होते. सांगलीच्या घराला रंग देऊन झाला होता आणि पाडव्यानंतर दोघं कायमचे परत जाणार हे ठरलेलं होतं. पाडवा झाला, ते गेले नाहीत. ताई म्हणाल्या, सामान आवरत नाही. मग म्हणाल्या, सायकली विकल्या जात नाहीत. इथला उन्हाळा संपत आला तेव्हा म्हणाल्या, सांगलीत आत्ता पाऊस फार आहे. मला बरंच वाटत होतं, म्हणून मी खोलात शिरले नाही.

ऑक्टोबरात आइंडहोवनला अर्धी मॅरेथॉन मी पुरी केली. वेळ काही सांगण्यासारखी नव्हती, पण शेवटच्या वळणावरसुद्धा कंबर गप्प होती. शेवटच्या रेषेपलीकडे, लोखंडी कठड्यामागे, शैलाताई आणि मोहनराव उभे होते. अभिनंदन नाही, काही नाही. ताई म्हणाल्या, "चाल बघू. त्या खांबापर्यंत जा. आता इकडं ये."

गळ्यात पदक घालून मी त्या गर्दीत शहाण्या मुलीसारखी चालून दाखवलं.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"शपथ, ताई. काही दुखत नाही."

त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि त्या रडायला लागल्या. मैदानावरचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. मी कठड्यावरून वाकून त्यांना मिठी मारली. मोहनराव ओशाळं हसले. "सायकली कधीच विकल्या गेल्या हो," ते मला म्हणाले. "तू पळून येईपर्यंत ही विमानात बसायला तयार नव्हती. वर्षभर हिचं एकच, मी तिचा पाय मोडला."

"मी सांगितलं होतं ना ताई, तुमच्यामुळे नव्हतं झालं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," जॅकेटच्या बाहीने डोळे पुसत त्या म्हणाल्या. "मला बघायचं होतं."

मग त्या मोहनरावांकडे वळल्या. "चला, आता आपण जायला मोकळे."