पाव्हणं जाईस्तोवर

बारामतीच्या दवाखान्यात हौसानं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि विचारलं, "अहो, पोरीचं जमलं का?" मी म्हणालो, "जमलं. तू मास्क लाव." आमचं शेवटचं बोलणं ते. आणि तेही खोटं, पाव्हण्यांचा निरोप आलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी ती गेली. सहा आठवडे झाले. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे लिहिल्याबिगर घास उतरत नाही.

माझ्या बायकोला पंचवीस वर्षं दमा. आमच्या पणदरे गावच्या उन्हात ती गड्यागत राबायची, धारा, वैरण, सगळं. पण पावसाळ्यात हवा ओली झाली, उसाच्या रानातनं दमट वाफ यायला लागली की बाई निराळीच. धुणं तीन दिवस वाळायचं नाही, भिंतीला बुरशी, आणि दोन पायऱ्या चढली तरी छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप दिलेला. मी म्हणायचो, "सवय लागंल त्याची." ती म्हणायची, "तुमच्या तंबाखूची लागली तशी व्हय?"

श्रावणात नातीला बघायला इंदापूरकडचे पाव्हणे आले. सकाळपासून झिमझिम, वारा मेलेला. मी हौसाला बजावलं, "पाव्हणं जाईस्तोवर पंप काढायचा न्हाय. आजीला दमा म्हणल्यावर पोरीलाबी असंल म्हणत्याल."

"आन् छाती भरली तर?"

"तासाभराचं तर काम हाय."

पाव्हणे चार तास बसले. पाऊस वाढला तशी जेवूनच जा म्हणालो. मीच म्हणालो... बाहेर आम्ही पुरुष ऊस आणि दुधाच्या गप्पा हाणत होतो. आतल्या कोंदट खोलीत ती पाव्हण्या बायकांमध्ये, तोंडाला पदर लावून. कुणी विचारलं की म्हणायची, "ठसका लागला." गाडी गेल्यावर आत गेलो तर ओठ निळे पडलेले. सुनेनं पंप तोंडात धरला, पण तिला ओढायला जोरच नव्हता.

भेटायला आलेली नवऱ्या मुलाची आई माझ्यासमोर रडली. "आबा, मी शेजारीच बसलेली. माझ्या सासूला रोज मीच पंप देते. एक शब्द सांगायचा की हो, दमा काय चोरी हाय का?" लग्न जमलंय. खरोखर जमलंय, आणि ते सांगायला ती नाही.

रोज उठल्या उठल्या हौसा मिठाच्या बरणीत बोट घालून बघायची. हवेची ओल धरून मीठ बोटाला चिकटलं की म्हणायची, "आज मला फार हाका मारू नका." मी तरीही मारायचो. आता ते बोट मी घालतो. परवा मीठ भुरभुरीत लागलं. "हौसा, आज तुला बरं जाईल," म्हणालो, आणि बरणीचं झाकण हातातच राहिलं.