मंगेशच्या तोंडातला ट्रक

टपरीसमोर लोहखनिजाचा ट्रक थांबला. ब्रेकमधून हवा सुटली, ‘फुस्स’, आणि लाल धुळीत मला मंगेश आठवला.

गावातून हे ट्रक नकोत म्हणून आम्ही कॉलेजच्या पोरांनी सभा घेतली होती. पोलिसांनी येऊन आमचा गाण्यांचा डफ नेला. तोंडानेच ताल धरणारा, बीटबॉक्सिंग करणारा मंगेश हसला. “डफ नेला, भाऊ. तोंड नेतेत का?”

मग त्याने नुसत्या ओठांनी अख्खा ट्रक उभा केला. इंजिन, गिअर, मागचा खडखडणारा डाला, शेवटी ब्रेक. पुढच्या बाया दचकून मागे सरकल्या. “बापा, मले तं खराच वाटला!”

आम्ही पोट धरून हसलो. त्या हसण्याची आज चीड येते.

त्याच उन्हाळ्यात, त्याच रस्त्यावर मंगेश ट्रकखाली आला. मी पलीकडेच पत्रकं वाटत होतो. ब्रेकचा आवाज आलाच नाही.