वाढदिवसाचं पान

आमच्या धंद्यात बातमी कुणी दाबत नाही, तिच्या जागी वाढदिवस लावतात. तालुक्याचा वार्ताहर म्हणजे अर्धा बातमीदार आणि अर्धा जाहिरातीचा माणूस. कुणी बडा माणूस केक कापणार असला की पानभर शुभेच्छा गोळा करायच्या, हे मुख्य काम. त्यातून वेळ उरला तर पत्रकारिता.

त्या आठवड्यात माझ्याकडे खरी बातमी होती. पवनानगरच्या पुढे, धरणाच्या काठावर एक रिसॉर्ट आहे. तिथल्या संडासांचं पाणी पाइपातून थेट धरणात पडत होतं. साफसफाई करणाऱ्या एका मावशींनी मागचं फाटक उघडून मला तो पाइप दाखवला. त्यांच्या वाडीच्या नळाला तेच पाणी यायचं आणि नात जुलाबांनी हैराण झाली होती. घरात पगार मात्र त्यांचा एकटीचाच. "भाऊ, माझं नाव तेवढं कुटं येऊ देऊ नका," एवढंच त्या म्हणाल्या.

बातमी आणि फोटो लोणावळ्याच्या कचेरीत दिले. दुपारी संपादकांचा फोन आला.

"फोटो फाटकाच्या आतून काढलाय. आत कुणी सोडलं?"

"ते सांगणार नाही."

"अरे, मी काय परका आहे?"

"नाही. पण हे विचारायला तुम्हाला कुणी लावलं?"

ते म्हणाले, "उद्या लावतो." आमच्याकडे बातमी जाहिरातवाल्यांच्या टेबलावरून जाते आणि तिथून छपाईआधी 'पार्टी'च्या, म्हणजे जिच्याविरुद्ध बातमी असते तिच्या मोबाइलवर पोचते, हे शेंबडं पोरही सांगेल.

सकाळी स्टँडवर पेपर उघडला. बातमीच्या जागी रिसॉर्टमालकाचा वाढदिवस. मधोमध फोटो, त्यात मालकाला केक भरवताना मावशी. खाली 'शुभेच्छुक : समस्त कर्मचारी'. एरवी पाहुण्यांसमोर फिरकूही न दिलेली बाई मालकाच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. संताप आला, त्याहून जास्त भीती वाटली. हा फोटो माझ्यासाठीच काढला होता, तुला आत कुणी सोडलं ते कळलंय, एवढं सांगायला.

पवनानगरची जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. शेजारचा माझ्या हातातलं पान वाचून म्हणाला, "लय दिलदार मानूस हाय." मी पेपर घडी करून मांडीखाली घातला.

मावशी घरीच होत्या. कामाच्या वेळी घरी, म्हणजे उत्तर मिळालंच होतं. तरी त्यांना कसं कळलं, ते विचारलं.

"मागल्या फाटकाची चावी माझ्याकडंच असती न्हवं," त्या म्हणाल्या. "काय बोलले न्हाईत. हसून केक भरवाया लावला, फोटो काढला. मंग म्हनले, उद्यापासनं येऊ नका."

माझ्याच पेपरात हे छापून आलं होतं.

"नाव येऊ देऊ नका म्हनलं, तर तोंडच छापलंत की वो तुमी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग आतून नळाच्या पाण्याचा तांब्या आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "बगा, वास येतोय का न्हाई? आता लपवून काय करू? माझं नाव घालून छापा."

"मावशी, हा पेपर छापणार नाही."

"मंग दुसऱ्यात छापा. न्हाईतर मोबाइलवर घाला. आमी बगतोच की."

मी मोबाइल काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पूर्ण नाव विचारलं. शेजारच्या दारात बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात मावशींनी नवऱ्याच्या नावासकट आपलं नाव सांगितलं.