दूधवाल्याची म्हैस

१९५८ साली मद्रासला नोकरीला आलो आणि नुंगंबाक्कममध्ये राजसबाईंच्या माडीवर भाड्याने राहिलो. तंजावरकडच्या या मराठी बाईंची शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी दिवंगत यजमानांनी शिकवलं तेवढंच. मी मात्र कराडचा मॅट्रिक, त्यामुळे चार शब्द त्यांनी मला विचारावेत, अशी माझी अपेक्षा.

यजमानांच्या कपाटातलं जुन्या इंग्रजी कवितांचं पुस्तक त्यांना एकदा समजून ऐकायचं होतं. महिन्याने मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग पट्टी बांधून पडून राहायचं, तेव्हा मी वाचणार असं ठरलं.

"पण मधेच अर्थ विचारत बसलं की कविता कॉफीसारखी गार होते," त्या म्हणाल्या. म्हणून भिंग धरून, इंग्रजी-तमिळ कोश उघडून त्यांनी अवघड शब्द आधीच पाठ करायला घेतले. रीत न्यारीच होती. प्रत्येक शब्द कुणातरी ओळखीच्याला देऊन टाकायचा. 'मेलन्कली' समोरच्या उदासवाण्या पोस्टमनला, 'सब्लाइम' देवळात उदात्त सूर लावणाऱ्या नादस्वरवाल्याला.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी ऐटीत वाचायला बसलो आणि दुसऱ्याच पानावर 'पेन्सिव्ह'पाशी अडखळलो.

"थांबलास का रे, मॅट्रिक?"

"अक्का, याचा अर्थ काय असेल?"

"आपल्या दूधवाल्याची म्हैस. धार काढताना लांब कुठंतरी बघत, विचारात बुडून उभी असते, तशी. वाच पुढं."

त्या दिवशी मी अकरा वेळा अडलो आणि अकराही वेळा त्यांनी गल्लीतलं कुणीतरी मदतीला धाडलं. कविता गार झालीच, पण ती माझ्यामुळे.