सातच्या बातम्या

सांगलीच्या विश्रामबागेत एका मेडिकलच्या दुकानावर आमच्या केबल चॅनेलचं ऑफिस होतं. सातारचा एक आणि सांगलीचा एक, अशा दोन मित्रांनी मिळून ते काढलेलं. मी संध्याकाळी सातच्या बातम्या वाचायची. आधी चॅनेल सांगली-मिरजेपुरतंच दिसायचं, मग कराड, सातारा करत थेट दहिवडीपर्यंत पोचलं. पुराच्या दिवसांत भाजीबाजारात अनोळखी बायका माझा हात धरून विचारायच्या, पाणी कधी उतरेल म्हणून. घरी मी एकटीच होते, पण तेव्हा ते जाणवायचं नाही.

मग एका मोठ्या कंपनीनं चॅनेल विकत मागितलं. सातारच्या मालकांना ते विकायचं होतं, आमच्या सांगलीच्या मालकांना नाही. दोघं मित्र वकिलांमार्फतच बोलू लागले. शेवटी कॅमेरे, गाड्या, माणसं, सगळ्याची वाटणी झाली आणि एका चॅनेलची दोन झाली. आमचा कॅमेरामन सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला, तो सातारच्या वाट्याला गेला. निघताना जिन्यात थांबून म्हणाला, "ताई, तुमी बी चला की. हितं कोन ऱ्हायलंय आता?"

मी म्हटलं, घर इथं आहे. घरात कोणी नाही, हे त्याला माहीत होतं. तो बॅग उचलून जिना उतरला.

सांगलीत मग एकेक जण सोडून गेला. लोक बातम्या मोबाईलवर बघू लागले होते. शेवटी शेवटी मीच दिवे लावायची, कॅमेरा सुरू करायची आणि पटकन खुर्चीत येऊन बसायची. धाप ऐकू जाऊ नये म्हणून जरा थांबून नमस्कार म्हणायची. एकदा सगळ्या बातम्या वाचून झाल्यावर कळलं, कॅमेरा सुरूच झाला नव्हता. परत पहिल्यापासून वाचल्या. चॅनेल बंद झालं तेव्हा, का बंद झालं म्हणून विचारायला एकही फोन आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी कॅमेरामनला फोन केला. सातारचं चॅनेल विकलं गेल्यावर नव्या मालकांनी जुनी माणसं काढून टाकली होती. तो आता गावाकडं लग्नाचं शूटिंग करतो. मुलांचं, मेंढरांचं सांगून झाल्यावर म्हणाला, "ताई, बोला की कायतरी. तुमचा आवाज लय दिसांनी ऐकतोय."

 शेजारी नवीन बिऱ्हाड आलंय, खालचं मेडिकल बंद झालंय, असं काहीबाही सांगत राहिले. तो व्हय, व्हय म्हणत ऐकत होता. पलीकडून कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली, तशी मीच म्हटलं, "जा, वाट बघत असतील."